ढमाबाईचा जबाब

मित्रांनो, मी एक जुनी एकनळी बंदूक आहे. सध्या माझा मुक्काम नाशिक जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत आहे. माझ्या एका बाजूला जप्त केलेल्या दोन मोटारसायकली आहेत, दुसऱ्या बाजूला गावठी दारूचे रिकामे कॅन आहेत. माझ्या चापाच्या कडीला सुतळीने एक पुठ्ठा बांधला आहे, त्यावर लाखेचं सील आहे. पुठ्ठ्यावर जे लिहिलं आहे त्यातलं माझं वजन आणि लांबी तेवढी खरी आहे. बाकीचं खोटं आहे, आणि ते मला सहन होत नाही. म्हणून पहिल्यापासून सगळं सांगते.

माझा जन्म बिहारमधल्या मुंगेर गावी एका लहानशा कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने माझी नळी घासली आणि अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता तासला. माझ्या पाठीवर एक घोडा आहे. तो अंगठ्याने मागे ओढून चढवावा लागतो, आणि मग बोटाने चाप ओढावा लागतो. ही दोन्ही कामं कुणीतरी केल्याशिवाय माझ्यातून बार निघत नाही. मित्रांनो, एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझे पहिले मालक पंचवटीतले गंगाधरपंत. सरकारी नोकरी, चष्मा, आणि एक सायकल. त्यांनी आयुष्यात एक चिमणीसुद्धा मारली नाही. रविवारी क्लबात जाऊन ते हवेत उडवलेल्या मातीच्या थाळ्या फोडत, आणि घरी आल्यावर हात धुण्याआधी माझी नळी धूत. "बंदूक रिकामी आहे असं कधीच समजू नये," असं ते मला पुसताना पुटपुटत. घरात ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मलाच सांगत असावेत. ते गेल्यावर त्यांच्या मुलीने, श्यामलाताईंनी, मला रविवार कारंजाजवळच्या कुंदनशेठच्या दुकानात आणून दिलं. जाताना त्यांनी दस्त्यावरून हात फिरवला. त्यानंतर मी तीन वर्षं काचेच्या कपाटात उभी होते. येणारे रायफली बघायचे, पिस्तुलं बघायचे, आणि माझ्यावर धूळ बसायची.

नऊ वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर बहिरू दुकानात आला. वणीच्या बाजूचा शेतकरी. थोडी द्राक्षबाग, बाकी मका आणि भुईमूग. सोबत बायको लंकाबाई होती आणि नुकताच कॉलेजात जायला लागलेला मुलगा योगेश. पीकसंरक्षणाचा परवाना मिळवायला बहिरूला पाच वर्षं लागली होती. तलाठी झाला, पोलीस झाले, वनखातं झालं, कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या तर त्याच्या वहाणांना पाठ झाल्या होत्या. तो परवाना त्याने एकात एक अशा तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून आणला होता.

"शेठ, परवाना एक, बंदूक एक, अन् कामं चार," बहिरू म्हणाला. "मक्यात डुकरं शिरत्यात, द्राक्षाला पाखरं लागत्यात. बिबट्या येतो, त्याला नुसता आवाज पायजे. अन् खंडेनवमीला पूजेला ठेवली तर चार लोकांत दिसली बी पायजे. अन् पैसे हे एवढेच हायेत." त्याने खिसा थोपटला. खिसा काही फार फुगलेला नव्हता.

कुंदनशेठ हसले. "म्हणजे खर्च साखरपुड्याचा आणि पंगत लग्नाची." पण माणूस सचोटीचा. त्यांनी गादीवर तिघींना मांडलं. एक तीनशेपंधरा बोअरची रायफल, एक दुनळी, आणि मी.

योगेशने रायफल उचलली ती खाली ठेवीचना. आरशासमोर उभा राहून खांद्याला लावून बघितली. "नाना, हीच घ्या. रुबाब बघा ना हिचा. ती एकनळी काय, म्हाताऱ्या माणसाची काठी वाटते."

म्हातारी तर म्हातारी. मला राग आला नाही, तेव्हा नाही.

"बहिरूभाऊ, तुमच्या शिवाराच्या पलीकडे काय आहे?" शेठनी विचारलं.

"रस्ता हाय. त्याच्या पल्याड वस्ती."

"मग रायफल नको. तिची गोळी सुटली की मैलभर थांबत नाही. डुक्कर चुकलं तर ती कुणाच्या ओट्यावर जाऊन पडेल, तुम्हाला कळायचंही नाही. तिने पाखरं उठवता येत नाहीत, आणि तिची काडतुसं महाग. दुनळी चांगली, पण तुमच्या खिशाला झेपणार नाही." मग त्यांनी मला उचललं, मधोमध मोडून उघडलं आणि दाराच्या उजेडाकडे धरलं. "ही बारा बोअर. जुनी आहे, पण नळी बघा."

बहिरूने एक डोळा मिटून आत पाहिलं. नळी लखलखत होती. ती गंगाधरपंतांची पुण्याई.

"हिची गंमत अशी, की काडतूस बदललं की काम बदलतं," शेठ सांगू लागले. "आठ नंबरचं घाला, आत मोहरीएवढे शेकडो छर्रे. पाखरं उठतात, आवाज होतो, आणि साठेक पावलांवर त्यांचा जोर सरतो. एसजी घाला, आत वाटाण्याएवढे मोजके छर्रे. ते डुकराला आडवं करतात. वरून दोन्ही काडतुसं सारखीच लाल. नंबर असतो तो तोंडावर छापलेला. तो बघितल्याशिवाय काडतूस आत घालायचं नाही. घाई असली तरी नाही."

"अन् ज्याला वाचता येत नाय त्यानं?" लंकाबाईने विचारलं.

शेठ म्हणाले, "त्याने दोरा बांधावा, वहिनी. ह्याला एका रंगाचा, त्याला दुसऱ्या."

अडीच तास चाललं हे. बहिरूने माझं वजन हातावर तोललं, घोडा चढवून उतरवून पाहिला, दस्त्याचं लाकूड नखाने दाबून पाहिलं. म्हैस घेतानाही माणूस एवढं बघत नाही. शेवटी लंकाबाई म्हणाली, "आवाज मोठा येतो ना? मंग झालं की. मारायचं कशाला कुनाला?" आणि मी वणीच्या गाडीत बसले. घरी गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी लंकाबाईने जुन्या लुगड्याच्या काठातून काळा दोरा काढला आणि गोधडीच्या रिळातून पांढरा. आठ नंबरला पांढरा, एसजीला काळा. गाठी अशा घट्ट, की दाताने सोडवाव्या लागल्या असत्या. काडतुसांचा स्टीलचा डबा त्या दिवसापासून तिच्या राखणीला होता.

त्या शेतात आणखी एक राखणदार होता. सहादू. सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामाला आला आणि बायकोसह विहिरीजवळच्या खोलीत राहिला, त्याला तेव्हाच दहा वर्षं होऊन गेली होती. त्याच्याकडे गोफण होती. राखणीसाठी शेतात उभारलेल्या उंच माळ्यावर उभा राहून तो असा दगड भिरकावायचा, की पन्नास पावलांवरच्या कणसावर बसलेला पोपट उडायचा आणि कणसाला धक्का लागायचा नाही. मला बघून त्याने नाक मुरडलं. "ही काय करनार?"

दुसऱ्या दिवशी बहिरूने पहिला बार टाकला, पांढऱ्या दोऱ्याचा. शिवारातलं झाडून सगळं पाखरू उठलं. डुकरं पळाली. बहिरूची स्वतःची म्हैसही दावं तोडून पळाली, ती दुपारी शेजारच्या गावात सापडली. सहादू पोट धरून हसला. "आगागा, ढमाबाई आली की वो!"

तेव्हापासून माझं नाव ढमाबाई पडलं. मित्रांनो, परवान्यावर माझा एक नंबर आहे, पण मला नाव दिलं ते सहादूने.

ती पहिली वर्षं सुखाची होती. बहिरू सांगेल तेव्हा मी ओरडायची, उरलेला वेळ भिंतीवरच्या खुंट्यांवर आडवी. गावात माझं कौतुक होतं. लग्नात एखादा बार काढा म्हणून लोक गळ घालायचे, तेव्हा बहिरू हात जोडायचा. "ती पिकाची राखण हाय, वरातीची न्हाय." मला त्याचा अभिमान वाटे. तो पुढे जे वागला त्यानंतरही, त्या दिवसांपुरता अजून वाटतो.

निवडणूक आली की मात्र मला ठाण्यात जमा करावं लागे. लोकसभा, विधानसभा, झेडपी, ग्रामपंचायत, एक झाली की दुसरी. हिरामण हवालदार पावती फाडताना म्हणायचे, "काय, माहेरी आली का?" बंदुका जमा होत, पण रानडुकरांना आचारसंहिता लागू नसते. ती नेमकी तेव्हाच मक्यात शिरायची. मग पुन्हा सहादू, त्याची गोफण आणि एक पत्र्याचा डबा. माझ्याआधी तो होता आणि माझ्या गैरहजेरीतही तोच होता.

पुढे कौतुक ओसरलं. कुंदनशेठनी दिलेली तेलाची बाटली दोन वर्षांत संपली, ती पुन्हा कुणी आणली नाही. आणायला बहिरू विसरायचा, आणि योगेश म्हणायचा, "तिला काय होतंय?" जे होत होतं ते असं, की नळीत गंज धरला, घोड्याची खाच झिजली आणि चाप हलका पडला. परवान्याचं नूतनीकरण मात्र कधी चुकलं नाही. माझा कागद जपला जात होता आणि मी गंजत होते.

कधी कधी दुपारी घरात कुणी नसताना सहादू यायचा आणि खोबरेल तेलाच्या फडक्याने मला बाहेरून पुसायचा. कायद्याने त्याने मला हात लावायचा नव्हता. कायद्याप्रमाणे ज्यांनी लावायचा, ते लावत नव्हते. "तू नुस्ती वरडती, ढमाबाई," तो म्हणायचा, "नेम माझा." खरंच होतं ते.

योगेश आता पोलीस भरतीच्या मागे लागला होता. रोज पहाटे रस्त्यावर धावायचा. दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा यादीत नाव लागलं. गावभर पेढे वाटले. राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी, म्हणजे नावावर काही गुन्हा वगैरे आहे का, त्याची चौकशी. त्याच उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. हर्षाली नाशिकची, शिकलेली, नीटनेटकी मुलगी. तिच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. तिने जे केलं ते भक्तीने केलं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. कोयते, कुदळ, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, आणि मी. दरवर्षी पूजा लंकाबाई करायची. त्या वर्षी सुनेने हौसेने सगळं हातात घेतलं. तिने मला पाटावर ठेवलं, काडतुसांचा डबा उघडला आणि सगळी काडतुसं ताम्हनात मांडली. त्यांना कळकट, काळपट पडलेले दोरे होते. पूजेला असलं मळकं कसं ठेवायचं, म्हणून तिने कात्रीने ते सगळे दोरे कापले. प्रत्येक काडतूस पुसलं, त्याला नवी लाल नाडाछडी बांधली, आणि प्रत्येकाच्या तोंडावर हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट टेकवलं. नंबर कुंकवाखाली गेले.

मित्रांनो, हर्षालीला वाचता येत होतं. पण त्या नंबरांचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता. लंकाबाईला अर्थ माहीत होता, पण ती तेव्हा चुलीपाशी पुरणपोळ्या लाटत होती. पूजा झाली, आरती झाली, काडतुसं डब्यात परत गेली. मी पाटावर पडून हे सगळं पाहत होते आणि माझ्याने एक शब्द बोलवेना.

दुसऱ्या दिवशी दसरा. बहिरू आणि लंकाबाई सकाळीच देवीला गेले, वणीच्या गडावर. योगेशने मला खांद्यावर घेतलं. परवाना बापाचा, पण भरती झालेल्या माणसाला परवान्याचं काय? त्याला मोबाईलवर टाकायला व्हिडिओ हवा होता. बार उडतोय, मक्यातून पोपटांचा थवा उठतोय, मध्ये हा उभा. हर्षालीने मोबाईल धरला.

डब्यातून त्याने एक काडतूस उचललं. "हे कुठलं?"

"सगळी सारखीच तर आहेत."

त्याने अंगठ्याने तोंडावरचं कुंकू घासायला सुरुवात केली. तेवढ्यात हर्षाली म्हणाली, "अहो, पुसू नका ना! पूजेचं कुंकू आहे ते, आजच्या दिवशी."

आणि त्याने पुसलं नाही. भावी पोलीस, पण बायकोचा शब्द मोडवेना आणि सणाचं कुंकूही मोडवेना. एक बोट फिरवलं असतं तर खाली छापलेली दोन अक्षरं दिसली असती. काडतूस आत गेलं. ते काळ्या दोऱ्याचं होतं. त्याचं वजन मला आत पडल्याबरोबर कळलं.

हवेत बार काढला असता तरी निभावलं असतं. पण हवेत काढला तर पोपट व्हिडिओत कसे येणार? त्याने नळी मक्याच्या तुऱ्यांवर धरली. घोडा चढवला. मी सांगते ते नीट ऐका. घोडा त्याने चढवला, चाप त्याने ओढला.

पोपट उठले. आणि साठ पावलांवर, माळ्याच्या पायऱ्या चढत असलेला सहादू खाली कोसळला. तो रोजच्यासारखा पाखरं हाकायला निघाला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की आज बंदूक बाहेर आहे. एक छर्रा त्याच्या उजव्या कोपरात शिरला होता. गोफण फिरवायच्या हाताच्या कोपरात.

शेजाऱ्यांच्या जीपमधून त्याला नाशिकच्या दवाखान्यात नेलं. बहिरू आणि लंकाबाई दुपारी धावतपळत परत आले. योगेश ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता, तोंड पांढरं पडलेलं. हर्षाली रडत होती. बहिरूने आधी त्याच्या एक कानफटात ठेवून दिली. मग म्हणाला, "व्हिडिओ कुठं हाय?"

हर्षालीने मोबाईल पुढे केला. त्याने बघितला नाही. "पुसून टाक," म्हणाला.

कुंकू पुसायला नको होतं. हे मात्र पुसलं.

"पडताळणी व्हायचीय त्याची," बहिरू म्हणाला. कुणाकडे न बघता. "बार माझ्या हातनं उडाला. बंदूक साफ करीत व्हतो, आपोआप सुटली. परवाना जाईल तर जाऊ दे."

"आवं, पन तुमी तर गडावर..." लंकाबाई बोलायला लागली.

"लंका!"

ती उठून अंगणात गेली, केरात हात घालून काहीतरी शोधू लागली. परत आली तेव्हा तिच्या मुठीत कापलेले दोरे होते, पांढरे आणि काळे, एकमेकांत गुंतलेले. "माझं दोरं कुनी कापलं?" एवढंच तिने विचारलं. हर्षालीने डोक्यावर पदर ओढून घेतला.

मग हिरामण हवालदार पंचनाम्याला आले. बहिरूने जबाब दिला. सकाळपासून घरीच होतो, म्हणाला. मी टांगलेली असायची त्या भिंतीवर शेजारच्या खुंटीला गडावरच्या प्रसादाची पिशवी लोंबत होती, आणि तिच्यातून नारळाची शेंडी बाहेर आली होती. हवालदारांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि लिहायला लागले.

बंदुका तपासणाऱ्या माणसाने मला उघडून पाहिलं. "नळीला गंज आहे. चाप हलका पडलाय. सुटू शकते." झालं! सहा वर्षं माझ्या नळीला तेलाचा थेंब मिळाला नाही, तेच त्यांच्या उपयोगी पडलं. माझी हेळसांड हाच त्यांचा पुरावा ठरला. मित्रांनो, चाप कितीही हलका असू दे, घोडा न चढवता मी सुटत नाही. हे त्या माणसालाही माहीत होतं. त्याला तेवढं कुणी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी सहादू ठाण्यात जबाब द्यायला आला. हात वाचला होता म्हणे. वाचला म्हणजे खांद्याला लटकत होता. कोपर वाकत नव्हतं, बोटं मिटत नव्हती. त्याच्या मागे बहिरू उभा होता. दवाखान्याचा सगळा खर्च त्यानेच केला होता, लंकाबाई रोज भाकरी घेऊन नाशिकला जात होती. ते खोटं नाही, ते मी लपवणार नाही.

हिरामण हवालदारांनी ओळख पटवायला मला बाहेर आणून टेबलावर ठेवलं. सहादूने माझ्याकडे बघितलं. डावा हात पुढे केला आणि दस्त्यावरची धूळ अंगठ्याने पुसली.

"हीच का बंदूक?"

"हीच."

"सांग. काय झालं?"

दसऱ्याच्या सकाळी बहिरूची मोटारसायकल फाटकातून बाहेर काढून देणारा तोच होता. गडावरून माझ्या बायकोला बांगड्या आना, असं त्याने लंकाबाईला सांगितलं होतं. त्याला सगळं माहीत होतं.

बहिरू खाकरला. "सहादू, खोली तुझीच हाय बाबा. आपल्या दोघांचं आयुष्य हाय तवर. मी शब्द दिलाय."

शब्द चांगला होता. त्यातली मेख सहादूला कळली, हवालदारांना कळली, मलाही कळली. अठरा वर्षं ज्या खोलीत संसार केला, ती आता एका वाक्यावर उभी होती. बायको त्या क्षणी तिथे स्वयंपाक करत असेल.

सहादूने एकदा आपल्या लोंबत्या हाताकडे पाहिलं आणि एकदा बहिरूकडे. "नाना, तुमी ही घ्यायला गेलता तवा अडीच तास पारखली म्हनं. नळी बघितली, लाकूड बघितलं. मला वैनी सांगायच्या. पन घरात कुनाच्या हातात पडंल, ते नाय बघितलं."

बहिरूची मान खाली गेली. एवढीच त्याची शिक्षा.

"म्हणजे काय लिहू?" हवालदारांनी विचारलं.

"लिवा, आपोआप सुटली," सहादू म्हणाला. "पोराची नोकरी जाईल, माझी खोली जाईल. ढमाबाईचं काय जातंय? लिवा तिचंच नाव. ती काय बोलनार नाय."

सरकारी कागदावर डाव्या हाताचाच अंगठा लागतो, तेवढं सोयीचं झालं. अंगठा लावून तो फडक्याने शाई पुसत बाहेर गेला, आणि त्याच फडक्याने मला पुसायला तो परत वळेल असं मला उगाच वाटत राहिलं. तो वळला नाही.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. बहिरूचा परवाना रद्द झाला. योगेशची पडताळणी बिनबोभाट पार पडली. परवा हिरामण हवालदार कुणाला तरी सांगत होते, की पोराचं प्रशिक्षण चालू आहे आणि नेमबाजीत पहिला आहे. त्याला हवी होती ती रायफल अखेर मिळाली, तीसुद्धा सरकारी खर्चाने. तिचा नंबर तो आता रोज नीट वाचत असेल, तिथे कुंकू लावत नाहीत.

आणि सहादू? हवालदार गावात जातात तेव्हा तो त्यांना माळ्यावर दिसतो. डाव्या हाताने गोफण फिरवायला शिकतोय. दगड दहा पावलांवर पडतात. पोपट आता उठतही नाहीत, कणसं खात बसतात. बहिरू बांधावरून बघतो. खोली मात्र अजून सहादूचीच आहे.

मित्रांनो, वस्तू घेताना तुम्ही खूप पारखता. ती घेतल्यावरही बघत जा. तिला वेळेवर तेल द्या, तिच्यावर लिहिलेलं वाचा, आणि त्यावर कुंकू असेल तर बेलाशक पुसा, देव रागावणार नाही. चूक झाली तर ती आपल्याच नावावर घ्या. आम्हा मुक्या वस्तूंच्या नावावर लिहू नका. आमचा राग कुणाला ऐकू येत नाही, म्हणून तो नसतो असं नाही.

आणखी एक काम करा. वणीकडे जाताना रस्त्याला लागून एक मक्याचं शेत दिसेल, त्यात माळ्यावर डाव्या हाताने गोफण फिरवणारा एक माणूस दिसेल. गाडी थांबवा. त्याला म्हणावं, सहादू, तुझा अंदाज चुकला. ढमाबाई बोलली.